गादीवरचा व्हॅक्यूम आणि गादीतला माइट

गादी साफ करण्यासाठी खास बनवलेले, हातात मावणारे व्हॅक्यूम क्लीनर आता शहरांतल्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात सहज मिळतात. त्यांची जाहिरात जवळपास ठरलेली असते. पांढऱ्या गादीवरून यंत्र चार वेळा फिरते, पारदर्शक डब्यात करड्या भुकटीचा थर जमतो, यंत्राच्या पोटाखालून जांभळट उजेड फाकतो आणि कोपऱ्यात सूक्ष्मदर्शकाखालचा एक आठ पायांचा राक्षस गतप्राण होताना दिसतो. खोक्यावर लिहिलेले असते की ९९.९ टक्के माइट नष्ट होतात. घरात सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लावणारे कोणी असेल, किंवा एखाद्या मुलाला दम्याचा पंप लागत असेल, तर आईवडील काही हजार रुपये मोजायला मागेपुढे पाहत नाहीत. ही यंत्रे सरसकट फसवी आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र ती ज्या गुणांवर विकली जातात ते गुण निराळे, आणि ती ज्या गुणांमुळे उपयोगी पडतात ते निराळे. माइट मारण्याची ताकद ही खरेदीची कसोटी नव्हेच. ॲलर्जी आणणारा ऐवज गादीतून किती उचलला जातो आणि उचललेला ऐवज यंत्रातच राहतो की मागच्या झरोक्यातून पुन्हा खोलीत येतो, हे पाहायचे असते. बाकीचा बराचसा मजकूर खोके भरण्यासाठी असतो.

हे का, ते समजायला माइटची थोडी ओळख हवी. डस्ट माइट कोळी आणि गोचीड यांच्या गोतावळ्यातला. लांबी साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर, अंग अर्धपारदर्शक, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. तो चावत नाही, रक्त पीत नाही. ढेकणाशी त्याचा संबंध नाही. आपल्या कातडीचा जो कोंडा रात्रंदिवस झडतो त्यावर त्याची गुजराण चालते. त्याची खरी अडचण पाण्याची असते. शरीराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणी, पण प्यायला पाणी नाही. म्हणून पुढच्या पायांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतील क्षारांच्या साहाय्याने तो हवेतली वाफ शोषून घेतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो वाळून मरतो. माणूस रोज सात-आठ तास ज्या गादीवर घाम आणि कोंडा टाकतो, ती त्याला अन्न, ऊब आणि ओल एकाच जागी पुरवते. घरातल्या धुळीची ॲलर्जी असते हे डॉक्टरांना १९२० च्या दशकापासून ठाऊक होते, पण धुळीतले नेमके काय बाधते याचा पत्ता लागला तो १९६४ मध्ये, नेदरलँड्समधल्या लायडेन येथे. फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी बोट ठेवले ते माइटवर. पुढे १९८१ मध्ये टोवी, चॅपमन आणि प्लॅट्स-मिल्स यांनी ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले की ॲलर्जेनचा, म्हणजे ॲलर्जी आणणाऱ्या ऐवजाचा, मोठा साठा माइटच्या अंगात नसून त्याच्या विष्ठेत असतो.

व्हॅक्यूम निवडताना सगळ्यात जास्त कामाचा शोध हाच. एक माइट दिवसाला सुमारे वीस लेंड्या टाकतो. प्रत्येक लेंडी १० ते ४० मायक्रोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीहूनही बहुधा बारीक, आणि पातळ आवरणात गुंडाळलेली. तिच्यात डेर पी १ नावाचे प्रथिने पचवणारे एन्झाइम असते. लेंडी नाकाच्या किंवा श्वासनळीच्या ओलसर अस्तराला लागली की ते सुटते आणि अस्तराच्या पेशींमधले जोडही सैल करते. पण लेंडी वजनाने जड. मांजराच्या ॲलर्जीचे कण तासन्‌तास तरंगत राहतात, तसे हिचे होत नाही. हवा ढवळली नाही तर अर्ध्या तासाच्या आत ती खाली बसते. निवांत खोलीच्या हवेत माइटचे ॲलर्जेन जवळपास सापडत नाही. (म्हणूनच केवळ माइटची ॲलर्जी असलेल्याने हवा शुद्ध करणारे महागडे यंत्र घेतले तर त्याच्या वाट्याला पकडण्यासारखे फारसे काही येत नाही.) ती उडते कधी? उशीवर डोके टेकताना, कूस बदलताना, चादर झटकताना. आणि त्या वेळी नाक तिच्यापासून वीतभर अंतरावर असते. आता गादीतले सगळे माइट एका क्षणात मेले असे समजू. त्यांनी आजवर टाकलेल्या लेंड्या जिथल्या तिथेच राहिल्या. त्यांची कलेवरे सुकून त्यांचा चुरा झाला, आणि माइटच्या अंगातले डेर पी २ हे दुसरे महत्त्वाचे ॲलर्जेन उष्णतेलाही सहजी दाद देत नाही. मारण्याने पुढची पैदास थांबते, हा फायदा खरा आहे. पण आज रात्री नाकात जाणारा माल त्याने कमी होत नाही.

शिवाय हे यंत्र मारते तरी किती? जांभळट उजेडावर खरेदीदाराचा सर्वाधिक विश्वास असतो, म्हणून त्याच्याकडे जरा नीट पाहू. जंतू मारणारा अतिनील-सी प्रकाश २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो दिव्यातून सोबत निघणारा किंवा मुद्दाम जोडलेला निळा-जांभळा उजेड. अतिनील प्रकाशाचा परिणाम त्याची तीव्रता आणि तो पडण्याचा वेळ या दोहोंच्या गुणाकारावर ठरतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रौढ माइट जागच्या जागी सगळे मरावेत यासाठी १० सेंटीमीटरवरून, थेट, तासभर प्रकाश द्यावा लागला. गादीवरून सरकणारे यंत्र एखाद्या जागेवर सेकंद-दोन सेकंद असते. दुसरी गोष्ट, हा प्रकाश कापडाच्या आत शिरत नाही, विणीच्या सावलीत बसलेल्या माइटला तो लागतच नाही, आणि माइटला तर उजेडापासून लपायलाच आवडते. प्रयोगशाळेत काचेवर ठेवलेल्या जिवाणूंवर ९९.९ टक्के असा निकाल आला असेलही. तो तुमच्या कापसाच्या गादीला लागू होत नाही. गरम हवेच्या झोताचेही तसेच. कपडे धुताना ५५ अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम पाण्यात माइट मरतात हे पक्के ठाऊक आहे, पण तिथे कापड त्या पाण्यात मुरत असते. वरून जाणारा गरम झोत पृष्ठभागाला कोमट करून पुढे सरकतो. तो थोडी ओल कमी करतो, एवढे श्रेय त्याला द्यायला हरकत नाही. वाफेचा किंवा शाम्पूचा मारा करणारी यंत्रे मात्र पावसाळ्यात जाड गादीवर वापरू नयेत. आत राहिलेली ओल दोन दिवसांत सुकली नाही तर माइटचीच सोय होते, आणि जोडीला बुरशी.

आता उचलण्याकडे येऊ. इथे खोक्यावरचे आकडे जास्तच दिशाभूल करतात. वॅट म्हणजे मोटर किती वीज खाते तो आकडा, ओढ किती हे त्यातून कळत नाही. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ मध्ये घरगुती व्हॅक्यूमवर १,६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी चांगली यंत्रे चांगली साफसफाई करतच राहिली. वॅट फसवे आहेत हे कळू लागल्यावर आता किलोपास्कलचा आकडा पुढे केला जातो. १२ किलोपास्कल, १६ किलोपास्कल वगैरे. हा दाब बहुधा यंत्राचे तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो, म्हणजे हवा अजिबात वाहत नसताना. वाहती हवा नसेल तर लेंडी उचलणार कोण? काम होते ते दाब आणि हवेचा प्रवाह यांच्या गुणाकाराने, ज्याला एअर-वॅट म्हणतात. तोंड बंद असताना प्रवाह शून्य, तोंड मोकळे असताना दाब जवळपास शून्य. दोन्ही टोकांना गुणाकार शून्यच, आणि खरे काम मधे कुठेतरी. समजा एखाद्या यंत्राचा बंद तोंडाचा दाब १२ किलोपास्कल आणि मोकळ्या तोंडाचा प्रवाह सेकंदाला २० लिटर आहे. दाब-प्रवाहाची घसरण सरळ रेषेत धरली तर त्याची उपयोगी शक्ती कमाल ६० एअर-वॅटच्या आसपास येते. गादीवर तर कापडच तोंडाला चिकटते आणि प्रवाह गुदमरतो. म्हणून तोंडाच्या कडेला हवा आत यायला खाचा हव्यात, यंत्र गादीवर चिकटून न बसता सरकायला हवे, आणि आत हळू फिरणारा रबरी किंवा केसाळ रोलर असावा, जो विणीतला माल सैल करील. काही यंत्रांत असलेली, मिनिटाला हजारो ठोके मारणारी थापी कितपत उपयोगी, याबद्दल वाद होऊ शकतो. पण ठोका पडतो तिथेच ओढ असेल तर ती निदान निरर्थक नाही. ओढ कमी आणि ठोके जास्त असे यंत्र मात्र खोलीत लेंड्या उडवण्याचेच काम करील.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कधीच दिसत नाही. नवीन यंत्र डबा रिकामा आणि फिल्टर कोरा असताना जे ओढते ते अर्धा डबा भरल्यावर ओढत नाही. युरोपात व्हॅक्यूमवर लावायचे ऊर्जा-लेबल याच मुद्द्यावर कोसळले. चाचणी रिकाम्या डब्याने घेतात, प्रत्यक्ष वापरात डबा भरतो, असा आक्षेप डायसन कंपनीने घेतला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने ते लेबल रद्दच केले. अर्थात ही लढाई एका उत्पादकाने स्वतःच्या फायद्यासाठी लढवली होती. त्यामुळे आक्षेपातले तथ्य कमी होत नाही. गादीतून निघणारी धूळ फार बारीक असल्यामुळे फिल्टर जमिनीच्या कचऱ्यापेक्षा लवकर बुजतो. बॅटरीवरच्या छोट्या यंत्राची मोटर मुळात लहान; त्यात फिल्टर बुजला की पाच मिनिटांनी आवाज तेवढाच राहतो आणि ओढ निघून जाते.

यानंतर मागचा झरोका. यंत्र जेवढी हवा आत ओढते तेवढीच बाहेर सोडते, आणि बाहेर पडणाऱ्या हवेचा झोत बहुधा वापरणाऱ्याच्या तोंडाकडे असतो. हेपा फिल्टर ही इथली परवलीची संज्ञा. अमेरिकी मानकानुसार खरा हेपा ०.३ मायक्रोमीटरचे ९९.९७ टक्के कण अडवतो. युरोपातील एच १३ वर्गासाठी ही अट ९९.९५ टक्के आहे, तीही अडवायला सर्वांत अवघड अशा आकाराच्या कणांसाठी. ‘हेपा टाइप’ किंवा ‘हेपासारखा’ असे लिहिलेले असेल तर त्यामागे कुठलेच बंधन नाही, हे ध्यानात ठेवावे. पण गंमत अशी की लेंडी १० मायक्रोमीटरहून मोठी, आणि तेवढी अडवायला चांगल्या प्रतीचा साधा फिल्टरही पुरेसा आहे. हेपाची गरज पडते ती तिच्या चुऱ्यासाठी. खरा घोळ असतो फिल्टरच्या कडेने निसटणाऱ्या हवेचा. डबा आणि मोटर यांच्यामधले रबराचे कडे ढिले असेल, झाकण नीट बसत नसेल, तर हवा सोपी वाट धरते आणि उत्तम फिल्टर बाजूला राहतो. त्याहून वाईट क्षण डबा रिकामा करण्याचा. २००६ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी व्हॅक्यूम वापरणाऱ्यांच्या श्वासात जाणारे माइट ॲलर्जेन मोजले तेव्हा उच्च दर्जाचे फिल्टर असलेल्या यंत्रांनीही ते थोडे वाढलेले आढळले. सफाईची ती मिनिटे आणि डबा झाडण्याचे ते क्षण धुळीचे असतात. म्हणून बंद पिशवीचे यंत्र, ज्याची पिशवी तशीच उचलून टाकता येते, ॲलर्जीच्या घराला पारदर्शक डब्यापेक्षा जास्त मानवते. दुर्दैवाने गादीसाठी म्हणून विकली जाणारी बहुतेक यंत्रे डब्याचीच असतात, कारण पिशवीत भुकटी दिसत नाही आणि न दिसणारी भुकटी यंत्र खपवत नाही.

यावर कोणी म्हणेल की डबा भरतोय तो काय उगीच? डोळ्यांसमोर एवढी घाण निघते, मग यंत्र चालते याला आणखी पुरावा कशाला? ती भुकटी जवळून पाहिली तर उत्तर मिळते. तिचा मोठा भाग म्हणजे चादरीच्या आणि गादीच्या कापडाचा सुती तंतू, त्यात गुंतलेला कातडीचा कोंडा, अंगाला लावलेली पावडर, कधी बिस्किटाचा चुरा, खिडकीतून आलेली रस्त्याची माती. या सगळ्यात लेंड्या असतातच, पण किती ते रंगावरून कळत नाही. कोरी करकरीत सुती गादी झाडली तरी डबा भरेल. उलट वर्षानुवर्षे वापरलेल्या, वरून गुळगुळीत झालेल्या फोमच्या गादीतून थोडीच भुकटी निघाली तरी ती ॲलर्जेनने संपृक्त असू शकते. गादीचे वजन दहा वर्षांत माइटमुळे दुप्पट होते असे जे वाक्य जाहिरातींत फिरते, त्यालाही कुठल्याही मोजमापाचा आधार नाही. मोजायचे झाले तर ग्रॅमभर धुळीत किती मायक्रोग्रॅम डेर पी १ आहे ते मोजतात. २ मायक्रोग्रॅमच्या वर ॲलर्जी जडण्याचा धोका आणि १० च्या वर त्रास उसळण्याचा, असे ढोबळ उंबरठे १९८० च्या दशकाच्या अखेरीस तज्ज्ञांनी सुचवले. घरी ही तपासणी कोणी करत नाही. त्यामुळे डबा भरतो हे समाधान आहे, पुरावा नव्हे.

खरा पुरावा थोडा आहे आणि तो संमिश्र आहे. जिवंत माइट पायांच्या टोकांनी धाग्याला घट्ट धरून बसतो. ओढीने तो फारसा निघत नाही. निघतात त्या सुट्या लेंड्या, वरच्या काही मिलिमीटरांतल्या. तेवढ्यानेही फरक पडतो: २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आठ आठवडे गाद्या रोज व्हॅक्यूम केल्यावर माइटच्या ॲलर्जेनची पातळी लक्षणीय घटली. रोज, हा शब्द महत्त्वाचा. महिन्यातून एकदा उत्साहाने केलेल्या सफाईचा हा निकाल नव्हे, कारण आतले माइट जिवंत आहेत आणि वरचा थर पुन्हा भरत राहतो. आणि ॲलर्जेन घटले म्हणजे आजार घटला असेही लगेच म्हणता येत नाही. २००८ मध्ये डेन्मार्कचे गोत्शे आणि योहान्सन यांनी कोक्रेन संस्थेसाठी माइटविरोधी उपायांच्या पन्नासहून अधिक चाचण्यांचा आढावा घेतला आणि दम्यावर त्यांचा परिणाम दिसत नाही असा निष्कर्ष काढला. त्याआधी, २००३ मध्ये, ११२२ प्रौढ दमेकऱ्यांवरच्या ब्रिटिश चाचणीत गादीच्या माइटरोधक खोळींनीही काही साधले नव्हते. मग हा सगळा खटाटोप कशाला, असा प्रश्न प्रामाणिक वाचकाने विचारलाच पाहिजे.

या आक्षेपाला पूर्ण खोडून काढता येत नाही, पण त्याची व्याप्ती आखता येते. मोठ्या चाचण्यांमध्ये प्रौढ अधिक होते, अनेकांना माइटबरोबर इतरही गोष्टींची ॲलर्जी होती आणि उपाय बहुतेकदा एकेकटा वापरला होता. चित्र बदलते ते माणसे नीट निवडली आणि उपाय एकत्र केले की. २००४ मध्ये अमेरिकेतील सात शहरांतल्या ९३७ मुलांवरच्या अभ्यासात प्रत्येक मुलाची ॲलर्जी आधी तपासून त्यानुसार घर सुधारले. गादी-उशीला खोळी, हेपा व्हॅक्यूम, झुरळांचा बंदोबस्त असे सगळे. मुलांचे त्रासाचे दिवस कमी झाले. २०१७ मध्ये मँचेस्टर परिसरातल्या २८४ मुलांवरच्या चाचणीत माइटची ॲलर्जी सिद्ध झालेली आणि दम्याच्या झटक्याने नुकतीच इस्पितळात जाऊन आलेली मुलेच घेतली होती. माइटरोधक खोळी वापरणाऱ्यांपैकी सुमारे २९ टक्के मुलांना वर्षभरात पुन्हा झटक्यासाठी इस्पितळ गाठावे लागले, नुसत्या दिखाऊ खोळी वापरणाऱ्यांपैकी सुमारे ४१ टक्के मुलांना. हा फरक लहान नाही. यातून व्हॅक्यूमसाठी निघणारा अर्थ असा: ज्याला माइटची ॲलर्जी असल्याचे स्किन प्रिक चाचणीने किंवा रक्ततपासणीने ठरलेले नाही, त्याने यंत्र घेण्याआधी ती तपासणी करावी. परागकणांमुळे किंवा धुरामुळे शिंकणाऱ्याच्या गादीवर कितीही व्हॅक्यूम फिरवला तरी शिंका थांबणार नाहीत. आणि ज्याची ॲलर्जी ठरली आहे त्याच्यासाठी व्हॅक्यूम हा एकटा उपाय नसून खोळीच्या मागून येणारा मदतनीस आहे. डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करण्याचे कारण तर तो कधीच नाही.

आपल्याकडची अडचण हवेची. अमेरिकेच्या ओहायो राज्यात घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास रोखून माइट जवळपास संपवता आल्याचे दाखवले गेले आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये ८० टक्क्यांच्या वर असलेल्या मुंबईत, रत्नागिरीत किंवा गोव्यात तो उपाय वीजबिलाला परवडणारा नाही. विदर्भात मे महिन्यात दुपारी आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते तेव्हा माइटची दैना होते खरी; पण त्यांच्या पिल्लांची एक अवस्था अशी असते की ती न खाता-पिता कोरडे दिवस काढते आणि मृगाचा पाऊस पडला की पुन्हा वाढीला लागते. म्हणून पावसाळ्यानंतर माइट आणि त्यांचे ॲलर्जेन दोन्ही वाढलेले असतात. आपल्या खेड्यांत नवरात्राच्या तोंडावर घरातल्या गोधड्या, वाकळा, चादरी सगळे नदीवर नेऊन धुण्याची, म्हणजे दसरा काढण्याची, जी रीत आहे तिची वेळ नेमकी हीच. थंड पाण्याने माइट मरत नाहीत, पण धुण्याने ॲलर्जेनचा बहुतांश भाग वाहून जातो, आणि पुढचे काम आश्विनाचे ऊन करते. सिडनीत १९९४ मध्ये टोवी आणि वुलकॉक यांनी गालिचे कडक उन्हात उघड्यावर ठेवून पाहिले तेव्हा त्यांतले सगळे माइट मेले. गच्चीत गादी टाकून तिला काठीने झोडपणे हा त्याच उपायाचा देशी अवतार; शिवाय लेंड्या मोकळ्या हवेत उडून जातात. गादीचा व्हॅक्यूम म्हणजे बंद खोलीत हेच काम, म्हणून त्याच्या मागच्या झरोक्याची एवढी चौकशी करावी लागते. ज्याच्याकडे कापसाची, उचलता येण्याजोगी गादी आणि गच्ची आहे, त्याने ते पैसे दुसरीकडे घालावेत. पण आठ इंची स्प्रिंगची गादी बाराव्या मजल्यावरून गच्चीत कोण नेणार? ती बॉक्सच्या पलंगावर, खालून प्लायवूडने बंद, तीन बाजूंनी भिंतींना टेकून वर्षानुवर्षे पडून असते. व्हॅक्यूमचा खरा ग्राहक अशा गादीचा मालक.

त्यालाही आधी खोळ घ्यावी लागेल. चारही बाजूंनी चेनने बंद होणारी, १० मायक्रोमीटरहून बारीक छिद्रांच्या दाट विणीची खोळ लेंड्यांना आतच कोंडते. आपल्याकडे ‘मॅट्रेस प्रोटेक्टर’ नावाने मिळणारे इलॅस्टिकचे कव्हर फक्त वरून आणि बाजूंनी बसते, खालचा भाग उघडाच राहतो. ते पाणी अडवते, माइट नाही. खोळ, उशीची तशीच खोळ आणि आठवड्याला चादर-अभ्रे ६० अंशांवर धुण्याची सोय झाली, तर व्हॅक्यूमकडे उरते ते खोळीच्या वरचा थर उचलण्याचे, सोफा, कापडी खुर्च्या आणि पलंगाच्या कडा साफ करण्याचे काम. या कामाला घरात आधीपासून असलेला, पिशवीचा मोठा व्हॅक्यूम पुरतो. त्याला गादीसाठी एक स्वतंत्र रुंद तोंड आणि फटींसाठी निमुळते तोंड घ्यावे. जमिनीवर फिरवलेले तोंड गादीवर आणू नये. मोठ्या यंत्राची मोटर हातातल्या यंत्रापेक्षा बहुधा जोरकस असते आणि तिची पिशवी भरायला महिने लागतात. घरात व्हॅक्यूमच नसेल आणि जागा कमी असेल तर गादीचे खास यंत्र जरूर घ्यावे. वायरचे घ्यावे, अतिनील दिव्यासाठी जादा पैसे देऊ नयेत, आणि सुटा फिल्टर वर्षभरानंतरही मिळेल ना, हे विचारून घ्यावे.

वापरताना घाई केली तर चांगले यंत्रही वाया जाते. चादर काढून, यंत्र संथ ओढत, एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत फिरवावे. एका माणसाच्या गादीच्या एका बाजूला दहा मिनिटे तरी द्यावीत. सगळ्यात जास्त माल कडेच्या गोटाखाली आणि कापसाच्या गादीच्या टाक्यांभोवतीच्या खळग्यांत असतो, आणि रुंद तोंड नेमके तिथेच पोचत नाही. दम्याच्या माणसाने हे काम करू नये आणि पुढचा अर्धा तास त्या खोलीत येऊ नये. डबा घराबाहेर, ओल्या कागदात रिकामा करावा. फिल्टर धुण्याजोगा असेल तर पावसाळ्यासाठी दुसरा जोड ठेवावा, कारण अर्धवट सुकलेला फिल्टर लावला की पुढच्या खेपेला यंत्र बुरशीचा वास फेकते. नवे यंत्र परत करण्याची मुदत असते तेव्हाच त्याची एक परीक्षा घ्यावी. जुन्या गडद चादरीवर चमचाभर टाल्कम पावडर पसरावी, खोलीत अंधार करावा, मागच्या झरोक्यावर आडवा टॉर्च धरून ती पावडर ओढावी आणि झोताकडे बाजूने पाहावे. उजेडाच्या पट्ट्यात धुके दिसले तर खोक्यावर हेपा लिहिलेले असो वा नसो, यंत्र परत करावे.